नाताळच्या बियरची चव

ब्रॅडफर्ड, ८ डिसेंबर १९८४

आक्का,
जयभीम. इतके दिवस पत्र नाही, माफ कर. मी बरा आहे, लोकरीचा स्वेटर घेतलाय. तंबाखूच्या वखारीतलं काम सोडल्यावर आईचा खोकला कमी झाला का? पुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

आमची कंपनी बियरच्या एका लहान कारखान्याला मसाले पुरवते. तिथं नाताळसाठी लवंग, दालचिनी, जायफळ घालून बियर करतात. मसाला बरोबर पडलाय का ते सांगायला परवा मला पाठवलं. चहा पारखणाऱ्यांसारखी चूळ भरून थुंकू, म्हणजे दारू न पिण्याचं पंचशील मोडणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. मालक हसला. "बियरचा कडूपणा घशात कळतो. भारतातून नाक आणलंत, घसा कुठं विसरलात?" सगळे हसले. मी गिळली. लवंग जास्त झालीय म्हणालो, ते त्यांना पटलं.

काम तिथंच संपलं होतं. त्यानंतरचा ग्लास मी स्वतः मागून घेतला.

आपला मायाप्पा दारू पिऊन निपाणीच्या स्टँडवर पडून होता, रक्ताची उलटी झाली, असं तू लिहिलंस, आणि खाली: "तुजंच ऐकतोय त्यो, चांगलं खडसावून लिव्ह रं." आप्पाही दारूनंच गेले. म्हणूनच त्याला लिहायला बसलो, आणि कागद बाजूला सारला. धाकट्याला खडसावायचं तोंड मला उरलं नाही. पण माझ्या लाजेपायी त्याचा जीव जायला नको.

तुझा,
धर्मराज

ता. क. माझं उद्याचं काम: मायाप्पाला पत्र लिहून, दवाखान्यात जा, एवढी विनवणी करणे.