माझी पाठ आणि तुमची मतं

बंगळूर,
१२ सप्टेंबर १९९८

ती. दादास,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, डावा हात अजून वर जात नाही). तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनीलाही नमस्कार सांग.

ऑपरेशन पार पडलं. गाठीसकट डावा स्तन काढला. तेवढं मी धीराने घेतलं होतं. धीर सुटला तो तुम्हा पुरुषमंडळींमुळे.

आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर भाग्यलक्ष्मी मॅडम आल्या. म्हणाल्या, नुसती झोपेची भूल देता येते, किंवा तिच्या जोडीला पाठीत सुई देऊन छातीची ती बाजू बधिर करता येते. मग जाग आल्यावर दुखणं बरंच कमी असतं. एवढंच. पण आमचे हे पडले कारखान्यात गिअरबॉक्स तपासणारे! त्यांनी बाईंना सुईची लांबी, जाडी आणि 'बिघाडाचं प्रमाण' विचारलं. येलहंक्याहून ह्यांचे मित्र हणमंतराव आले (माझ्यासाठी शहाळं घेऊन, प्यायले स्वतःच) आणि सांगू लागले की त्यांच्या मेहुणीची पाठ अशाच सुईनंतर धरली ती धरलीच. (ती रोज पाण्याच्या घागरी जिन्यावरून वर नेते, हे नाही सांगितलं.) त्यात नागपुराहून तुझा फोन. "तिच्या पाठीला हात लावू देऊ नका!" असा ओरडलास, की रिसीव्हर ह्यांच्या कानाला असून मला खाटेवर ऐकू आलं. मग हे दोघे दाराबाहेर उभे राहून माझ्या पाठीवर चर्चा करत बसले. पाठ आत होती. तिला कोणी विचारलं नाही.

शेवटी मीच मॅडमना बोलावलं.

"दुखणार कुणाला?"

"तुम्हालाच, अक्का."

"मग द्या सुई."

"स्वल्प दुखेलच हं," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या.

शुद्धीवर आले तर छाती जणू दुसऱ्याच कुणाची. संध्याकाळी अर्धी इडलीही खाल्ली. शेजारच्या खाटेवरची बाई (तिला नुसती झोपेची भूल होती) सारखी कण्हत होती. तिच्याकडे बघून हे गप्प झाले. लग्नानंतर प्रथमच.

तुझी,
सुनंदा

ता. क. सुई घ्यायचं 'आम्ही' ठरवलं, असं हे आता सगळ्यांना सांगतात.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी बधिरपणा उतरला, दुखलं, ते गोळ्यांनी आवरलं. पण काल ड्रेसिंग बदलताना मी पहिल्यांदाच खाली पाहिलं. ह्यांच्यासमोर हसतच असते. दादा, रजा काढून ये. मला कुणाजवळ तरी रडायचंय.