एकशे सतराचा खिळा

४ मार्च
काच कारखान्याचा हजेरी-बोर्ड एकदाचा संग्रहालयात आला. अभिलेखागाराच्या दारातून आत शिरेना, शेवटी दारच काढलं! दोनशे खिळे, प्रत्येकाखाली आकडा. कामगार आत जाताना आपला पितळी बिल्ला लावायचा, सुटताना काढून घ्यायचा. आत कोण आहे ते बोर्ड बघून कळायचं. कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांनी बिल्ले जमा केले.
एकच खिळा रिकामा. ११७. बाबांचा.
पळून गेलेला माणूस बिल्ला जमा करायला थोडाच येतो.

५ मार्च
साहेबांना प्रदर्शन पंधरा दिवसांत हवंय. "एक नवा करून लावा, कोणाला कळतंय?" मला कळतंय ना.

७ मार्च
दिवसभर बिल्ले पुसले. हाताला ही सवय जुनीच आहे. सहा वर्षांची होते, दुपारी बाबांचा डबा घेऊन जायचे. गेटवाले काका मला उचलून बोर्डापाशी धरायचे. मी बाबांचा बिल्ला काढायचे, फ्रॉकला घासायचे, परत लावायचे. काका म्हणायचे, "आता कुठे तुझा बाप साहेब दिसतोय."
असा बाप टाकून गेला. मी त्यांना कधी माफ केलं नाही. आईपुढे विषय काढला की ती उठून आत जाते.

८ मार्च
सुट्टी. आईचे गुडघे शेकले.

१० मार्च
आगीची फाइल सापडली. पॅकिंगच्या गोदामातला पेंढा दुपारी दोनला पेटला. बाबा तिथेच बाटल्या बांधायचे. आग लागली की आधी बोर्ड बघायचा, हा तिथला नियम. अहवालात लिहिलंय — "गोदामातील अकरा बिल्ले बोर्डावर, अकरा माणसे बाहेर आली. क्र. ११७ चा बिल्ला नाही. तो आधीच निघून गेला असावा. शोध थांबवला." दुसऱ्या दिवशी भिंती पाडून गोदामाखालचं पेंढ्याचं कोठार बुजवलं.
त्या दिवशीही मी डबा दिला होता. काकांना कोणीतरी हाक मारली, त्यांनी मला घाईघाईने खाली ठेवलं. मी बिल्ला परत लावला का? आठवत नाही. काही केल्या आठवत नाही.

११ मार्च
कामावर गेले नाही. ऐंशीच्या घरातल्या आईला काय सांगू — तुझा नवरा पळाला नव्हता, मीच त्याला... एवढी वर्षं मी त्यांना शिव्या दिल्या. त्यांनी आतून हाका मारल्या असतील.

१३ मार्च
सांगितलं. आई म्हणाली, "बस." कपाटातून बटणांचा डबा काढला, तळाशी हात घालून बिल्ला माझ्या हातावर ठेवला. ११७.
"तिसऱ्या दिवशी तुझा फ्रॉक धुवायला घेतला, तेव्हा खिशात सापडला. तोवर सगळं बुजवून झालं होतं. लोक म्हणत होते, पळाला. म्हटलं, म्हणू देत. तुला कळण्यापेक्षा ते बरं."
बिल्ला लखलखीत आहे. आई पुसत असणार.