पहिला घास

३ नोव्हेंबर
आलो बाई एकदाचे भोपाळला! अशोका गार्डनमध्ये तिसऱ्या मजल्यावर घर, ऊन भरपूर, ओटा ऐसपैस. अमेयला मंडीदीपच्या कंपनीत बढती मिळाली. शेतातल्या उंदरांवर औषधं काढतात तिथे. मला पाचवा लागलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ छान आहे, फक्त जिने चढ-उतर नको. शेजारच्या सरोज भाभी पोहे-जिलबी देऊन गेल्या.

९ नोव्हेंबर
लोक बायकोला गजरा आणतात, आमच्या साहेबांनी पिंजरा आणला! राजस्थानच्या वाळवंटातलं उंदराचं पिल्लू, कंपनीत आलेलं, आई मेलेलं. अंगठ्याएवढं, वाळूच्या रंगाचं. पूर्ण वाढलं तरी खारीएवढंच होतं म्हणे. नाशिकहून सासूबाईंचा रोज फोन: जेवणाआधी गाईचा घास काढ, पोटातल्या जिवासाठी. गाय खाली रस्त्यावर, मी वर! मग पहिली पोळी त्यालाच घातली. तोही मुका जीवच. अख्खी संपवली लबाडाने.

२५ नोव्हेंबर
रोजची पहिली पोळी खाऊन खारीएवढा झालासुद्धा. अमेय रोज त्याचं वजन करतो, पट्टीने मापतो. मी जेवले का, हे विचारायला मात्र त्याला सवड नाही.

१२ डिसेंबर
मांजराएवढा. आज सोनोग्राफी झाली. बाळ मागच्यापेक्षा लहान दिसतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मागचं माप चुकलं असेल. घरी येऊन ढसाढसा रडले. अमेयने रडू नकोस म्हणून सांगितलं आणि पट्टी शोधायला लागला.

१४ डिसेंबर
सासूबाईंना पोळीचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, अगं, तो पोटातल्याच्या नावाने काढलेला वाटा असतो. गाय खाते आणि आशीर्वाद देते. उंदीर काय देणार? तो कुरतडतच जाणार. आजपासून त्याला पोळी बंद.

१७ डिसेंबर
बंद केली तरी वाढतोच आहे. पिंजऱ्यात मावेना, म्हणून अमेयने दारच काढून टाकलं. मी हातापाया पडले, ने रे त्याला. तर म्हणाला, असा नमुना पुन्हा मिळणार नाही, मूल काय, पुन्हा होईल. जळो मेली ती बढती! जळो हा संसार!

१९ डिसेंबर
गाऊन सैल झालाय. पोट उतरलंय — सकाळपासून हालचाल नाही. अमेय मंडीदीपला, फोन उचलत नाही. भाभींना हाका मारल्या. त्यांच्या दाराला कुलूप. तो उंबऱ्यात बसलाय. उंबरा भरून —

२० डिसेंबर
पलंगावर आलाय. पायांवर लोळतोय — जड — मला उठता येत नाही. त्याचं पोट टम्म फुगलंय. ढकलायला हात लावला — आतून लाथ बसली. इवलीशी. पुन्हा बसली. ही लाथ मी ओळखते — माझ्या बाळा, मी इथेच आहे रे, आई इथे