वीतभर खिळा

३ तारीख, सोमवार
आमच्या पिठाच्या गिरणीत भिंतीच्या आत भिंत! नात तिथे गाणी रेकॉर्ड करायची खोली करतेय. जुन्या भिंतीपासून चार बोटं सोडून लाकडी सांगाडा, मधे काचेची लोकर, वरून पाट्या. मिस्त्री म्हणतो, "आजी, दोन भिंतींनी एकमेकींना शिवायचं नाही. शिवल्या की आवाज आत." म्हटलं, सासवा-सुनांना बांधून दे असं काही. हसला मेला.
तो निघताना त्याला सांगितलं, कुठेतरी मोटर चालू राहिलीय. म्हणे, "मोटर दहा वर्षांपूर्वीच भंगारात गेली, आजी!"

५ तारीख, बुधवार
ह्यांचा फोटो नव्या भिंतीवर परत टांगला. चाळीस वर्षं इथे दळलं ह्यांनी, माळ्यावर टाकू काय? पाटीमागे पोकळ, खिळा धरेना. मग वीतभर लांब घेतला, पार जुन्या भिंतीत रुतेपर्यंत ठोकला. आता हलतोय कशाला!

७ तारीख, शुक्रवार
शेजारचा पत्रेवाला ठोकतोय — आत बारीक टणटण. नात रडकुंडीला. उद्या गाणारी बाई खोली बघायला येणार. "एक ठोका जरी ऐकू आला ना आजी, तर ती परत फिरेल. दुसरं कोणी येणारही नाही." मिस्त्रीने सगळ्या फटी लिंपल्या. टणटण आहेच.

८ तारीख, शनिवार
सकाळीच तळवा लावत भिंतीभिंतीने फिरले. दळणाचा दगड घासायला लागला की मला हातालाच कळायचं. भिंत गप्प, गप्प... फोटोशी टण! काच थरथरतेय. माझाच खिळा! दोन्ही भिंतींना धरून बसलेला.
नातीला सांगितलं. "आजी, तू?" एवढंच म्हणाली. मिस्त्रीने खिळा उपटला, भोक बुजवलं, दार लावलं.
काय सांगू! पत्रेवाला बाहेर ठोकतच होता. आत — काही नाही. माझ्याच बांगडीला दचकले. घोट गिळला तोही ऐकू आला. एवढं वय झालं, पण असली शांतता बघितली नव्हती. फक्त कुठेतरी ती मोटर तेवढी चालू.
गाणारी बाई आली, एक टाळी वाजवली, डोळे मिटून उभी राहिली. मग म्हणाली, "सोमवारपासून येते." नातीने माझा हात असा दाबला की हाडं मोडली.

९ तारीख, रविवार
ह्यांचा फोटो मांडीवर घेऊन आत एकटीच बसले. मेन स्विच खाली, दार घट्ट. तरी मोटर चालूच! कानांत बोटं घातली — तर आणखी मोठी.
अहो, तुमची गिरणी इतकी वर्षं माझ्या डोक्यात चालू आहे!