फाटक नसलेलं विद्यापीठ

प्रिय अण्णा,

मुदिताला, तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या नातीला, जर्मनीतल्या माझ्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला. घरात पेढे आलेत आणि मी गच्चीवर येऊन तुम्हाला लिहितेय. तिला पाठवायला मन अजून धजत नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

आठवतं, माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला तुम्ही चिकलठाण्याच्या कंपनीतून रजा काढून आला होतात? ट्राममधून उतरल्यापासून तुम्ही गेट शोधत होतात. त्या विद्यापीठाला फाटक नव्हतं, कुंपण नव्हतं. अर्ध्या शहरात त्याच्या इमारती पसरलेल्या. ग्रंथालयात कुणीही जाऊन बसावं. "हाकलत नाय कुणी?" तुम्ही पुन्हा पुन्हा विचारत राहिलात. मला ते विद्यापीठ इतकं का आवडायचं, ते तुमचा चेहरा बघून मला कळलं.

परीक्षेला मात्र आत यायला तुम्ही तयार नव्हतात. "बाप आत बसला तर लोक म्हणतील, कापी पुरवाया आला." आमच्या प्राध्यापक बाईंना मी हे समजावलं. त्या हसल्या नाहीत. इथं परीक्षा कुणालाही ऐकता येते, म्हणाल्या. तरी तुम्ही बाहेरचं बाकडं सोडेनात, तेव्हा त्यांनी दार उघडंच ठेवलं.

शेवटी सगळ्यांनी बाकांवर बोटं ठोकली. ती तिथली शाबासकी. पण तुम्हाला वाटलं, लोक चिडले. तुम्ही तरातरा आत आलात आणि बाईंना थेट मराठीत विचारलंत, "काय चुकलं हिचं?" कंपनीत साहेबासमोर कधी आवाज न चढवलेले तुम्ही! किती अभिमान वाटला मला.

मग पुढच्या वर्षी मला कळवलं का नाहीत? अंथरुणाला खिळलात, तर आईला शपथ घातलीत. पोरीचं तिथं पुढचं संशोधन चालू आहे, सांगायचं नाही. उशिरा कळून मी पोचले तेव्हा तुम्ही मला ओळखलंही नाहीत. माझ्या भल्यासाठीच केलंत. पण यायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं ना, अण्णा?

माझ्याही शेवटच्या वेळी लेक अशीच लांब असेल, या भीतीनं तिला अडवणार होते. काल तिला तुमच्या दुखण्याचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला तिथं जायची भीती नाही गं. तू दुखणं लपवशील, याची आहे."

तिला पाठवतेय, अण्णा. मला काही झालं, तर पहिला फोन तिलाच करीन, हे वचन. यायचं की थांबायचं, तिचं ती ठरवेल. तुमचं एवढं एक मी ऐकणार नाही.

तुमची,
छबू