मॅक परत पाठवतेय

भिसेगाव, कर्जत
४ जुलै २०२५

तीर्थस्वरूप साईनाथमामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही दिलेला मॅक मी वापरायचा बंद केलाय. विंडोजचा लॅपटॉप घेतलाय, स्वतःच्या नावाने. मामाने मायेने दिलेलं बाजूला सारते म्हणून आईने तोंड फुगवलंय.

बोटं अजून जुन्या कळा शोधतात. पहिल्या दिवशी तर माझ्या चित्रातली भाताची रोपं इतकी पोपटी दिसली की माझं मलाच हसू आलं. रंग जुळवण्यात आठवडा गेला, तरी मागे फिरणार नाही. मॅक घेऊन जा.

हे वाचूनही लोभ राहू द्या.
तुमची भाची,
रुचिता

खोपोली
११ जुलै

चि. रुचितास अनेक आशीर्वाद.

अगं, विंडोजवर आमच्या स्टुडिओत बिलं छापतात, चित्रं नाही काढत! दोन वर्षं मॅकवर हात बसला, आता हे काय खूळ? आणि परत द्यायचं नाव काढू नकोस. भाचीकडून मामाने काही घ्यायचं नसतं, ही आपल्या घरची रीत आहे.

एक आनंदाची बातमी. चौक गावच्या रिसॉर्टवाल्यांना त्यांच्या पत्रकावरची खेकडे धरणारी बाई फार आवडली. तसलीच आणखी सहा चित्रं हवीत. तेव्हा रुसवा सोड आणि मॅक उघड.

तुझे लाड करून फसलेला,
मामा

भिसेगाव
१५ जुलै

ती. स्व. मामांस,
शि. सा. न.

भाचीकडून काही घ्यायचं नसतं, तर माझं चित्र कसं घेतलंत? मॅक तुमच्या खात्यावर चालतो. मी काढलेलं सगळं तुमच्या स्टुडिओत आपोआप दिसतं, हे मला पत्रक हातात पडेपर्यंत कळलं नव्हतं. खाली छापलंय, ‘चित्र : साईनाथ, खोपोली’.

ती बाई ठाकुरवाडीची ठकी. माझ्यासाठी दोन दिवस ओढ्यात पाय टाकून बसली होती. पत्रक तिला दाखवलं, खालचं नाव वाचून दाखवलं, तर तिने विचारलं की हा साईनाथ कोण, ह्याला ओढ्यावर कधी बघितला नाही. लाज वाटली मामा, आणि तुमचा राग आला. अजून आहे.

सहा चित्रं मिळणार नाहीत. आधी रिसॉर्टवाल्यांना जाऊन खरं सांगा. मॅक आईबरोबर पाठवतेय. घ्यायचा नसेल तर तिच्या तोंडावर तसं सांगा.

रुचिता

खोपोली
२१ जुलै

चि. रुचितास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. आधी चिडलो. घरच्या पोरीचं चित्र, त्यात विचारायचं काय, असंच मला वाटत होतं. पण त्या ओढ्यावर मी कधी गेलोच नव्हतो, ठकीचं खरं आहे.

काल चौकला जाऊन खरं सांगून आलो. उरलेल्या पत्रकांवर माझ्या नावावर तुझ्या नावाच्या पट्ट्या चिकटवायच्या आहेत. मॅक पोचला, ठेवून घेतला. रीत मीच आधी मोडली होती, तुझा दोष नाही.

पट्टीवर नाव कसं लिहू? तुला विचारल्याशिवाय छापत नाही.

मामा

भिसेगाव
२५ जुलै

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलंत, बरं वाटलं. ‘रुचिता भोईर’ लिहा.

आणि मी ठकीलाही विचारून आले. तिला नुसतं ठकी नकोय. ‘ठकीबाई धोंडी पारधी’ असं पूर्ण नाव हवंय, तेही माझ्या नावाच्या वर, कारण खेकडे तिने धरले होते. तेव्हा पट्टी मोठी कापा.

राग थोडा उतरलाय, पुरता नाही. लोभ मात्र होता तेवढाच आहे.
रुचिता