उखळातला हात

शनिवार, ३ जानेवारी

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं सगळं बदललं. वेळ पक्की आठवते, कारण हॉलच्या घड्याळाकडेच बघत होतो. नागिसाकडे बघवत नव्हतं.

११ तारखेच्या रविवारी इथल्या जपानी मंडळाचा नव्या वर्षाचा मेळा. वाफवलेला चिकट भात उखळात कुटायचा, लोकांसमोर, आणि गरम गरम गोळे वाटायचे. अर्धं ड्युसेलडॉर्फ रांगेत असतं. कुटणार मी. खाली बसून भात उलटणारी बाई आजारी पडली, म्हणून आजच्या सरावाला मंडळाच्या ओकुदाकाकांनी नागिसाला बसवलं.

मी मोगरी उचलली की तिचा ओला हात आत जातो, भात उलटतो, बाहेर येतो. "हं," ती म्हणते. मी मारतो. "हं." पुन्हा. चार किलोचं लाकूड आणि खाली तिची बोटं! चार वर्षं ओळखतो तिला — आजवर "काय थंडी आहे" याच्या पुढे गेलो नव्हतो.

रविवार, ४ जानेवारी

हं. हं. हं. दात घासतानाही तोच ताल.

मंगळवार, ६ जानेवारी

सराव. फ्लोरिआन आला — तो सुतार, संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकलेला. काहीतरी बोलला, नागिसा हसली. काय बोलला ते ऐकू आलं नाही. माझा हात धावायला लागला. तिची बोटं जेमतेम निघाली.

ओकुदाकाकांनी थांबवलं. "केइगो, तुझी मोगरी अगदी तुझ्यासारखी आहे. आधी पडते, मग बघते."

फ्लोरिआन म्हणे, "मी मारून बघू का थोडा वेळ?" इतकं अदबशीर, इतकं स्वच्छ, की माझंच जपानी परकं वाटावं. एप्रन फेकला आणि घरी आलो.

दार आपटलं. आई: "त्या दारानं काय घोडं मारलंय तुझं?" बाबा टोफू कापत होते, मान वर न करता म्हणाले, "अजून एक अर्धवट." आखेनचं कॉलेज तिसऱ्या सत्रात सोडलं तेव्हापासून माझ्यासाठी त्यांच्याकडे एवढा एकच शब्द आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

गेलो परत. कमरेत वाकून माफी मागितली. काका म्हणाले, "मोगरी पाण्यात भिजत ठेवलीय. उचल." बस, एवढंच.

नागिसा म्हणाली, "आलास? बरं झालं. फ्लोरिआनला माझं 'हं' कळत नाही. तो मनात आकडे मोजतो."

आकडे मोजतो! येताना पुलावरून चक्क धावत आलो.

ठरलं. रविवारी शेवटचा घाणा झाला की तिला सांगायचं. तिच्या वडिलांचं इथलं पाचवं वर्ष. कंपनीच्या माणसांना मार्चच्या सुमारास जपानला परतायचा हुकूम येतो आणि दोन आठवड्यांत घर रिकामं. शाळेत दर एप्रिलला आमचा अर्धा वर्ग गायब व्हायचा. मी मात्र दरवेळी इथेच.

रविवार, ११ जानेवारी

हात भाजलेत, पण लिहिणारच.

रांग रस्त्यापर्यंत. तीन घाणे झकास. चौथ्याला फ्लोरिआन बशा घेऊन आला आणि नागिसाच्या डोक्याचा सुटलेला रुमाल त्यानं बांधला. माझी नजर गेली. मोगरी उखळाच्या काठावर बसली — ढलपी उडाली, थेट भातात.

ओकुदाकाकांनी सगळा भात उचलला आणि टाकून दिला. मी एप्रनची गाठ सोडायला लागलो.

"कुठे?" काका म्हणाले. "पुढचा भात वाफवून होईपर्यंत चाळीस मिनिटं आहेत. मग तू खाली बस. नागिसा मारेल."

"मला उलटता येत नाही."

"येईल. बोटं तुझीच आहेत, लक्ष आपोआप राहील."

बसलो. भात जळता, पाणी बर्फासारखं, डोक्यावर मोगरी. भात उलटला, हात बाहेर काढला. नागिसा मोगरी वर धरून उभी. "तू 'हं' म्हटल्याशिवाय मारणार नाही." चार किलोचं लाकूड. तरी थांबली.

"हं," म्हटलं. मग म्हणतच गेलो. तो घाणा पुरा केला. पुढचे दोनही.

बाबा रांगेत होते! दोन गोळे खाल्ले. म्हणाले, "गुठळी नाही." बाबा म्हणाले हे.

उखळ धुताना तिला विचारलं, "माझ्या मोगरीखाली भीती नाही वाटली कधी?"

"प्रत्येक वेळी."

"मग?"

"मग काय. घालत होते ना हात."

आणि मी? मी "काय थंडी आहे" म्हणालो. गाढव! असो. मार्चपर्यंत वेळ आहे.

सोमवार, १२ जानेवारी

सकाळी आठला नागिसाचा निरोप — "बाबांना हुकूम आला. यंदा लवकर. महिनाअखेर निघायचं. मी जायचं की राहायचं, त्यांना आज सांगायचंय. तू काल काही बोलणार होतास ना? मी मोगरी वर धरून उभी आहे."

जोडे घातलेत. दार हळू लावून निघतो.